तेवीस म्हणजे चोवीस

तुम्ही मला वाचत नाही. तुम्ही माझ्याशी घासाघीस करता. “तेवीस मीटर ना, मग एकवीसच धरू,” म्हणत तुमचं बोट हळूच एक घर वर सरकतं आणि तुम्हाला वाटतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या येतं. दर वेळी येतं.

मी पाणबुड्यांचा तक्ता बोलतोय. वहीच्या पानाएवढा, पांढऱ्या प्लास्टिकचा, आकडे कोरलेला. दुकानात सगळे मला ‘टेबल’ म्हणतात. नवीन गिऱ्हाईक मग खोलीत चार पायांचं काहीतरी शोधतं. समुद्रात किती खोल गेलं तर किती मिनिटं राहता येतं, आणि पुन्हा उतरायचं असेल तर मध्ये वर किती वेळ बसायचं, एवढंच मी सांगतो. दुसरं मला काही येत नाही. म्हणून जे येतं त्यात मी मिनिटाचीही सूट देत नाही.

खोल पाण्यात श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन दाबाने अंगात मुरतो. वर आलं की तो लगेच निघून जात नाही. ओला टॉवेल वाळायला जसा वेळ लागतो, तसा अंगालाही लागतो. पुरतं वाळण्याआधी पुन्हा उतरायचं, तर आधीची ओल धरून मोजावं लागतं. न मोजता वर आलात तर तो वायू आतच बुडबुडे धरतो. सांध्यांत धरतो, नसांत धरतो, पाठीच्या कण्यात धरतो. माझ्यावर ए, बी, सी अशी अक्षरं आहेत, ती एवढंच सांगतात की माणूस अजून किती ओला आहे.

आणि माझा नियम एकच. आकडा दोन घरांच्या मध्ये पडला तर मोठं घर घ्यायचं. तेवीस मीटर म्हणजे चोवीस. सत्तावीस मिनिटं म्हणजे तीस. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात. पाळायला लोकांना जन्म पुरत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, गरम साच्याखाली झाला. माझ्या आधीच्या सगळ्या भावंडांना तोडून वितळवलं होतं. त्यांच्या एका घरात चाळीसच्या जागी शेहेचाळीस पडलं होतं आणि तपासनीस बाईंनी ते पकडलं होतं. मुकादम म्हणाला, “एवढ्याशा आकड्यासाठी आख्खी खेप?” त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “मग त्या सहा मिनिटांत तुम्ही उतरा.” मी त्यानंतरच्या खेपेतला. बाईंनी माझं एकेक घर बोटाने मोजलं, वरच्या कोपऱ्यात भोक पाडलं आणि त्यात दोरी ओवली. मला आजवर जितके हात लागले, त्यांत तितका नीट हात दुसरा नव्हता.

मला घेतलं ते सरांनी. तेव्हा त्यांना कुणी सर म्हणत नव्हतं. जहाजांचे तळ खरवडायचं काम सोडून ते लोकांना डाइव्हिंग शिकवायच्या खटपटीत होते. खोली एक, तिच्यात रबरी सूट टांगायला लाकडी दांडा, सामान धुवायला प्लास्टिकचा मोठा टब, आणि दाराशेजारी खिळ्यावर मी. रोज सकाळी ते मला काढून गल्ल्यावर आडवं ठेवायचे. माझ्या खालच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने दिवसाच्या डाइव्ह लिहायचे आणि संध्याकाळी ओल्या वाळूने पुसायचे. सर डावखुरे. डाव्या हाताची तर्जनी आकड्यांवरून सरकवत मोठ्याने वाचायची त्यांची सवय. त्या बोटाने माझ्या काही रांगा घासून पिवळ्या पडल्या आहेत.

त्यांची मुलगी अक्षरं शिकली ती माझ्यावरच. गल्ल्यावर बसून पाय हलवत ती ओरडायची, “बाबा, एफनंतर काय?” ते म्हणायचे, “आधी सांग, तेवीस म्हणजे?” “चोवीस!” “सत्तावीस?” “तीस!” शाळेत सत्तावीसनंतर काय विचारलं तर तिने ‘तीस’ असं ठणकावून सांगितलं आणि बाईंनी सरांना बोलावून घेतलं होतं. सर ती गोष्ट प्रत्येक तुकडीला सांगायचे. तुकडी प्रत्येक वेळी हसायची.

मग मनगटावरचे कॉम्प्युटर आले. घड्याळासारखे, पाण्यात गेलं की स्वतःच खोली मोजतात, मिनिटं मोजतात, वेळ संपत आली की ओरडतात. सरांनी लाल पट्ट्याचा स्वतःसाठी घेतला आणि गिऱ्हाइकांना द्यायला काळ्या पट्ट्यांचे काही. मुलगी कॉलेज संपवून परत आली ती लॅपटॉप घेऊन. त्यात असं सॉफ्टवेअर होतं, की कोण, किती खोल, किती वेळ हे भरलं की पडद्यावर एक निळी रेघ खाली जाऊन परत वर यायची आणि कुठे किती थांबायचं ते सांगायची. फार सुबक काम होतं. मी त्याचा मत्सर केला नाही. आम्ही एकाच गणिताची पोरं. ते माझ्याहून हुशार निघालं, इतकंच. फक्त एक गोष्ट दोघांनाही येत नाही. न सांगितलेलं ओळखता येत नाही.

मी खिळ्यावरच राहिलो. माझ्या दोरीवर आधी एक टोपी आली, मग दुसरी, मग हात पुसायचा टॉवेल. टॉवेलाआडून खोलीचा अर्धा भाग दिसायचा. वाईट वाटलं का, असं विचाराल तर नाही. प्लास्टिकला वाटत नाही. सवय झाली, असं म्हणा.

त्या दिवशी सकाळी सर सगळ्यांच्या आधी आले. एकटेच. सूट चढवला, सिलिंडर पाठीवर घेतलं, लाल पट्टा मनगटाला बांधला आणि गेले. परत आले तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. टॉवेल ओढून त्यांनी डोकं पुसलं, परत माझ्यावर टाकला. कॉम्प्युटर काढून गल्ल्यावर ठेवला. डाइव्हची वही तिथेच उघडी होती, पेन तिच्यात होतं. त्यांनी वहीवर चष्मा ठेवला आणि चहाचं आधण ठेवायला गेले.

मी हे पाहिलं. मला तोंड नाही. माझ्यावर कुणी बोट ठेवलं तरच मला बोलता येतं.

थोड्या वेळाने मुलगी आली, सिलिंडरमध्ये हवा भरणारे हवाकाका आले, आणि सहा जणांची तुकडी आली. त्यांत एक दातांच्या डॉक्टर बाई होत्या, बडबड्या आणि हौशी. मुलीने लॅपटॉप उघडला. सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या नावापुढे एक प्रश्न विचारतं: आजची कितवी डाइव्ह? तिने भराभर सगळ्यांपुढे ‘पहिली’ निवडलं. सरांपुढेही. तिने वही पाहिली होती, वहीत त्या दिवसाचं पान कोरं होतं. निळी रेघ खाली गेली, वर आली. चोवीस मीटर, एकतीस मिनिटं, वर येताना तीन मिनिटं थांबा. सगळं हिरवं.

निघताना कळलं की काळ्या पट्ट्याचा एक कॉम्प्युटर बिघडलाय. सरांनी गल्ल्यावरचा आपला लाल पट्टा उचलून डॉक्टर बाईंच्या हाताला बांधला. “हा माझा. लाडका आहे, जपा.” स्वतःसाठी खणातून जास्तीचा काढला. तो महिनाभर खणात पडून होता, कोरा, कोरडा. सकाळी सर पाण्यात होते हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. तो त्यांच्या मनगटावर बसला आणि त्याने त्यांना पूर्ण वेळ देऊन टाकला.

तासाभराने सगळे परत आले. टबात सामान धुण्याचा गोंधळ सुरू झाला, आणि डॉक्टर बाई आत येऊन तक्रार करायला लागल्या.

“तुमचं हे घड्याळ नुसतं ओरडत होतं हो. पंधराव्या मिनिटापासून ‘वर चल, वर चल’. माझ्या सासूबाई बऱ्या. मी आपली जोडीदारणीला घेऊन आले वर. बाकीचे मजेत खाली!”

“म्हातारं झालंय ते,” सर हसले. “माझ्यासारखं.”

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिने लाल पट्टा हातात घेतला आणि बटण दाबून मागची नोंद काढली. ते यंत्र कुणाच्या मनगटावर आहे हे ओळखत नाही, पण पाण्यात गेलेलं विसरत नाही. तिने दोनदा वाचलं. मग वर पाहिलं. सर डाव्या हातात स्टीलचा पेला धरून उभे होते. चहा उकळता होता, वाफ त्यांच्या हनुवटीपर्यंत येत होती.

“बाबा, पेला खाली ठेवा.”

“का गं? पितोय की.”

“खाली ठेवा आधी. हात भाजतोय तुमचा.”

त्यांनी पेला ठेवला आणि तळहात पाहिला. लालबुंद झाला होता. ते त्याच्याकडे असे बघत राहिले, जसं कुणाचं तरी विसरलेलं सामान बघावं.

“सकाळी पाण्यात गेला होतात?”

“नाही.” मग, “तरंगत्या बोयाच्या साखळीत दोर अडकला होता. म्हटलं, तुकडी यायच्या आत सोडवून टाकू. ती काय डाइव्ह झाली? काम होतं ते.”

“तेवीस मीटरवर. सत्तावीस मिनिटं.”

“तेवढी साखळीच लांब आहे, त्याला मी काय करू?”

“हाताला काय होतंय?”

“मुंग्या आल्यात. साखळी ओढली ना सकाळी. आता जरा हलका झालाय हात. दुपारी तीनच्या तुकडीबरोबर उतरलो की पाण्यात मोकळा होईल.”

उतरणार होते ते पुन्हा. हवाकाका टबाशी वाकलेले होते ते तसेच राहिले.

“पुन्हा उतरलात तर पाय जातील,” मुलगी म्हणाली. “कायमचे. चेंबरला चला. आत्ता.”

चेंबर म्हणजे दाबाची खोली. तिथे माणसाला पुन्हा दाबाखाली नेऊन हळूहळू वर आणतात, म्हणजे बुडबुडे विरतात. ती दोन तासांवरच्या इस्पितळात होती. जितका उशीर, तितकं कमी परत मिळतं.

“त्या यंत्राने सांगितलं म्हणून? आत्ता तर ते बाईंना वर हाकलत होतं. ते बिघडलंय.”

“लॅपटॉपवर भरून दाखवते.”

“त्यालाही तू जे भरशील तेच ते म्हणणार. अगं, तीस वर्षं झाली मला पाण्यात. मला माझं अंग कळत नाही का?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. ती दाराकडे आली आणि तिने मला खिळ्यावरून ओढलं. टोप्या खाली पडल्या, टॉवेल पडला. मला गल्ल्यावर आपटलं तेव्हा माझा एक कोपरा उडाला.

“मग हा तर बिघडलेला नाही ना? याला बॅटरी नाही. माझं ऐकू नका. तुम्ही वाचा. तेवीस म्हणजे?”

सर हसू पाहत होते. हसू आलं नाही. त्यांची तर्जनी सवयीने माझ्यावर आली.

“चोवीस.”

“सत्तावीस?”

“तीस.”

“अक्षर?”

“एफ.”

“मध्ये वर किती वेळ होतात?”

“तासभर… सत्तर मिनिटं असतील.”

तिने मला उलटं केलं. “एफचं काय झालं?”

“ई.”

“ई अक्षराचा माणूस चोवीस मीटरला उतरतो तेव्हा किती मिनिटं आधीच अंगात घेऊन उतरतो?”

“तेवीस.”

“आणि चोवीस मीटरची मर्यादा?”

“चाळीस.” आता ते हळू बोलत होते. “सतरा उरत होती.”

“किती राहिलात?”

“एकतीस.”

त्यांचं बोट माझ्यावर होतं. इतकी वर्षं ते बोट माझ्या खाचा चाचपत चालायचं. आकडा न बघता त्यांना रांग सापडायची. आज ते चाळीसच्या घरावर टेकलं होतं आणि त्यांनी ते दोनदा, तीनदा घासून पाहिलं. मी प्लास्टिक. त्यांना खाच लागत नव्हती. आम्हा दोघांनाही काही जाणवत नव्हतं.

“मला आकडे लागत नाहीयेत,” सर म्हणाले. मग ते स्टुलावर बसले. “चल.”

“काका, ऑक्सिजन!” मुलगी ओरडली. हवाकाकांनी संकटात लागतो तो शुद्ध ऑक्सिजनचा सिलिंडर धावत आणला, मास्क लावला. डॉक्टर बाई म्हणाल्या, “मी दातांची आहे हो, पण गाडी माझी मोठी आहे. मागे झोपवता येईल.” तीनच्या तुकडीला परत पाठवायचं काम काकांवर टाकून सगळे निघाले.

गाडीत मुलीने माझ्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने सगळं लिहिलं. दोन्ही डाइव्ह, खोली, वेळ, अक्षरं. गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं. अर्ध्या वाटेवर सर म्हणाले, “डावा पायही गेला बघ.” आवाजात काही नव्हतं, जणू रस्त्यावरची पाटी वाचत होते. तिने तेही लिहिलं, वेळेसकट. मग पेन्सिल तोंडात धरून ती खिडकीबाहेर बघत बसली.

चेंबर म्हणजे लोखंडाची आडवी टाकी, तिला गोल काच. तिथल्या डॉक्टरांनी मला दिव्याखाली धरून वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“बरं केलंत. इथे येणारे सगळे मला एवढंच सांगतात की नेहमीसारखीच डाइव्ह होती.”

सर पाच तास आत होते. मला बाहेरच्या बाकड्यावर ठेवलं होतं, तिच्या शेजारी. ती माझ्याशी बोलली असं नाही; ती कुणाशीच बोलत नव्हती. फक्त मधूनच म्हणायची, “मी विचारलंच नाही. नुसतं ‘पहिली’ दाबलं.” डॉक्टर बाई तिच्या हातात पाण्याची बाटली द्यायच्या, ती धरून बसायची, प्यायची नाही. तीनेक वेळा असं झालं.

पाय परत आला. चेंबरच्या आणखी चार फेऱ्यांनंतर हातही आला, शेवटची दोन बोटं सोडून. करंगळी आणि तिच्या शेजारचं. ती अजून बधिर आहेत. सुई टोचली तरी कळत नाही, असं सर गिऱ्हाइकांना दाखवतात आणि मुलगी त्यांच्यावर ओरडते. पाण्यात उतरायला त्यांना कायमची बंदी आहे. ते धक्क्यावर घड्याळ घेऊन उभे राहतात आणि कोण कधी गेलं, कधी आलं ते वहीत लिहितात. पहिले काही महिने त्यांनी पाण्याकडे पाठ करून लिहिलं. आता तोंड करून लिहितात. मी याला बरं होणं म्हणणार नाही. काय म्हणायचं मला ठाऊक नाही.

दुकानात नियम झालाय. लॅपटॉप उघडायच्या आधी प्रत्येकाला तोंडाने विचारायचं, “आज पाण्यात गेला होतास का?” समोर बाप असला तरी विचारायचं. कॉम्प्युटर ज्याच्या हाताला सकाळी, त्याच्याच हाताला संध्याकाळपर्यंत. मुलगी याबाबतीत इतकी कडक झालीय की काही लोक दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.

मी आता गल्ल्यावर असतो, एक कोपरा नसलेला. नव्या मुलांना ती आधी माझ्यावर बोट ठेवायला लावते आणि मगच लॅपटॉप दाखवते. गाडीतलं ते पेन्सिलीचं लिखाण तिने पुसलेलं नाही.

तुमच्याकडे मागायचं तर एवढंच. तुम्ही फार हुशार आहात, यंत्रं तुमची फार सुंदर आहेत, पण तुम्ही अंगाला फसवायला बघता आणि त्याला प्रामाणिक वाटणारी छोटी नावं देता. हे काम होतं. हे नुसतं बघायला गेलो होतो. हे मोजायचं नसतं. पडलेला चष्मा काढायला मारलेली बुडी आणि हौसेची बुडी यातला फरक रक्ताला कळत नाही. लिहा. आणि लिहिलं नसेल तर विचारा. मी चाळीस म्हणतो तेव्हा चाळीसच म्हणतो. माझ्यावर रागवा, मला खिळ्यावर टांगा, पण तेवीसला एकवीस म्हणू नका.

परवा दुपारी गल्ला पुसताना हवाकाकांनी मला उचललं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती पेन्सिलीची ओळ पहिल्यांदाच नीट वाचली. त्यांचं बोट सकाळच्या वेळेवर थांबलं. मुलगी पलीकडे रबरी सूट उलटे करत होती.

“त्या दिवशी सकाळी एक सिलिंडर निम्मं रिकामं निघालं होतं, पोरी,” ते म्हणाले. “मला वाटलं गळत असेल. मी आपलं भरून ठेवलं.”